काकांची पुस्तकं मार्गी लावताना: एरंडवणे, मे ते ऑगस्ट २०२४

इमारत पुनर्विकासाला चालली आहे. ३१ ऑगस्टला बिल्डरच्या हातात चावी द्यायची. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, दोन वर्षांपूर्वी गेले. तीन खोल्या, एक गॅलरी आणि माळा एवढ्या जागेत त्यांची पुस्तकं आहेत. काकूंच्या अटी दोनच: सरसकट किलोवर घालायची नाहीत, आणि भाड्याच्या घरात त्यांच्याबरोबर एकही कपाट यायचं नाही. पुण्यात गल्लीगल्लीत असं घर आहे आणि सध्या निम्म्या गल्ल्या पाडकामाला निघाल्यात, म्हणून या नोंदी. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना कामाला येतील.

१२ मे

पुस्तकं मोजत बसलो नाही, टेप घेऊन फळ्या मोजल्या. साधारण ७० मीटर भरल्या. तांत्रिक पुस्तकं जाड असतात, मीटरला ३५ ते ४० बसतात. म्हणजे अडीच हजारांच्या आसपास. विषय: धरणं, कालवे, मृदा यांत्रिकी, काँक्रीट, संख्याशास्त्र, वनस्पती, साखर, नाणी, धर्मशास्त्र, संस्कृत व्याकरण, भूजल, हवामान, जमीन महसुलाचा कायदा, आणि गॅलरीत एक अख्खी फळी घड्याळदुरुस्तीची. (काकांना घड्याळ दुरुस्त करताना आमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नाही.)

एकही पुस्तक हलवायच्या आधी प्रत्येक फळीचा फोटो काढला, पाठीवरची नावं वाचता येतील इतक्या जवळून. हे भाचीने सुचवलं. वरवर जो गोंधळ दिसत होता तो गोंधळ नव्हता, हे फोटो बघताना कळलं. काकांनी विषयवार लावलंच नव्हतं. जिथे जिथे बदली झाली त्या भागाप्रमाणे लावलं होतं. नीरेच्या फळीवर कालव्याच्या आखणीचं पुस्तक, त्याला खेटून पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर, मग उसाचे रोग, मग खारवट जमिनी, मग महसूल कायदा. कालवा आला, ऊस आला, पाणी साचलं, जमीन खारावली, तंटे कोर्टात गेले; फळी डावीकडून उजवीकडे वाचली की अख्खी हकीकत समोर येते. कोयनेच्या फळीवर भूकंपशास्त्र आणि बेसाल्ट शेजारी शेजारी.

फोटोंची नावं खोली-कपाट-फळी अशी दिली. पुस्तकं आता पांगणारच आहेत, निदान ती कशी उभी होती हे राहील.

१४ मे

सामान: मऊ ब्रश, एन-९५ मास्क, २बी पेन्सिली, सुती फडकी. सगळं मिळून १,१५० रुपये.

खोक्यांवर मात्र पैसे वाया गेले. पॅकर्सवाल्याकडून मोठी खोकी आणली, ६० रुपयाला एक. अभियांत्रिकीची पुस्तकं भरली तर एक खोकं दोघांना उचलेना, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकाचा तळच सुटला. लिफ्ट नाही. कपडे आणि भांड्यांसाठी ती खोकी ठीक, पुस्तकांना दारूच्या दुकानातलीच हवीत: लहान, दणकट, बाटल्या पेलायला केलेली, आणि दहा रुपयाला मिळतात. काकूंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "ह्यांची धर्मशास्त्राची पुस्तकं ह्यातून जाणार?" धर्मशास्त्राच्या खोक्यांना खाकी कागद लावला.

१९ मे

नोंदवही सुरू. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक, शीर्षकपानाच्या मागे पेन्सिलीने. पेन नको, स्टिकर नको; पुढे ज्यांच्याकडे जाईल ते त्यांचा क्रमांक टाकतील. रकाने: क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, फळी, अवस्था, शिक्के, शेरा.

मोबाइलने बारकोड मारत सुटू आणि दोन रविवारांत संपवू असा बेत होता. तो पहिल्या कपाटातच बारगळला, कारण पाच पुस्तकांत एखाद्यावरच बारकोड आहे. आयएसबीएनचं (प्रत्येक पुस्तकाला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचं) मानक १९७० चं, आणि छापील बारकोड त्यानंतरही बऱ्याच उशिराने आला. बारकोड नसला तरी आतल्या पानावरचा आकडा हाताने टाकून चालतो. त्यात ध्यानात ठेवण्यासारखं:

दहा आकडी असेल तर तसाच टाका, बहुतेक अ‍ॅप ओळखतात. २००७ पासून तेरा आकडी झाला. दहाच्या सुरुवातीला नुसता ९७८ चिकटवून चालत नाही, शेवटचा तपासणी अंक बदलतो. शेवटी इंग्रजी एक्स दिसला तर तो दहा आहे, छपाईची चूक नव्हे. आणि साठीच्या अखेरीच्या ब्रिटिश पुस्तकांवर नऊच आकडे असतात. सुरुवातीला एक शून्य लावा, तपासणी अंक तोच राहतो. ही शून्याची युक्ती कळेपर्यंत बरीच पुस्तकं उगाच हाताने टाइप केली.

काकांच्या संग्रहात १९७० च्या आधीचं इतकं आहे की निम्म्याहून जास्त नोंदी टाइपच कराव्या लागणार. झोटेरो या पुस्तकयाद्या ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं. फुकट आहे आणि यादी हव्या त्या रूपात बाहेर काढता येते.

२६ मे

वर्षांचा घोळ. आनंदाश्रमाच्या संस्कृत मालेतली पुस्तकं आणि जुनी मराठी पुस्तकं शकात वर्ष देतात. भाचीच्या मैत्रिणी मदतीला आल्या होत्या, त्यांनी शके १८१२ ला इसवी सन १८१२ टाकलं. यादी वर्षाप्रमाणे लावली तेव्हा ते छापखाने निघायच्या आधीची पुस्तकं वर आली आणि लक्षात आलं. शकात ७८ मिळवायचे. जानेवारी ते गुढीपाडवा असेल तर ७९. पण वर्ष नुसतं बदलून टाकू नका. पुस्तकावर जे छापलंय ते एका रकान्यात, काढलेलं इसवी सन दुसऱ्यात.

मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची गंमत वेगळी. पुढच्या पानावर इंग्रजी, सगळ्यात शेवटच्या पानावर बारीक टाइपात रशियन तपशील. त्या पिढीच्या पुण्यातल्या अभियंत्यांच्या घरी ही पुस्तकं हमखास सापडतात. स्वस्त, आणि पाठ शिवलेली, त्यामुळे आजही पानं जागेवर. काकांकडे ती साठाच्या वर आहेत.

खुणांसाठी काकांनी काय काय वापरलंय याची यादी करावी असा मोह झाला. बसची तिकिटं, लग्नपत्रिका, एका संख्याशास्त्राच्या पुस्तकात जुन्या संगणकांची ८० स्तंभांची पंच कार्डं. कार्डांवर वरच्या कडेला फोर्ट्रान या संगणकभाषेतली ओळ छापलेली आहे आणि मागे कोऱ्या बाजूला वाणसामान: तूरडाळ, रवा, काडेपेट्या. या गोष्टी एका पाकिटात, पाकिटावर पुस्तकाचा क्रमांक.

२ जून

वर्गीकरण. ग्रंथालयांतली, विषयाला आकडा देणारी ड्युई दशांश पद्धत घेतली, कारण यादी ज्यांना पाठवायची त्यातल्या बहुतेकांना ती कळते. ६२४ स्थापत्य, ६२७ जलअभियांत्रिकी, ५५१ भूशास्त्र आणि हवामान, ५१९.५ संख्याशास्त्र, ७३७ नाणी, ८९१.२ संस्कृत साहित्य. सरळ पुस्तकं भराभर गेली. मग अडकलो.

दामोदर कोसंबी. गणिती माणूस, फर्ग्युसनमध्ये शिकवलेलं, आणि आहत (ठसे मारलेल्या प्राचीन) नाण्यांची वजनं घेऊन त्यावर संख्याशास्त्र चालवलं: नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन उतरतं आणि वजनांतला फरक वाढतो. मग नाण्यांवरचं त्यांचं पुस्तक ७३७, ५१९.५ की प्राचीन भारताच्या इतिहासात? पां. वा. सुखात्मे: नमुना सर्वेक्षणाचं पुस्तक संख्याशास्त्रात टाकायचं तर आतली उदाहरणं शेतीची. थिओडोर कुक: पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी कॉलेजचे प्राचार्य, पेशाने अभियंता, आणि मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ (१९०१ ते १९०८) आजही वनस्पतीवाले उघडतात.

या वादात एक अख्खी दुपार गेली आणि चहा तीनदा झाला. शेवटी ठरवलं की आपण ग्रंथालय चालवायला निघालेलो नाही. पुस्तक कुठल्या विषयाचं आहे यापेक्षा ते कोणाला हवं असेल हा प्रश्न कामाचा. 'जाणार कुठे' असा नवा रकाना घातला आणि वर्गांक फक्त यादी लावण्यापुरता ठेवला.

९ जून

पाऊस आला आणि माळ्यावरची खोकी खाली घ्यावी लागली. माळ्यावर कसर. ही कीड खळ खाते, म्हणून पुठ्ठ्याची कापडी पाठ आधी जाते आणि आतला मजकूर शाबूत दिसतो. फसू नका, पाठ उघडून बघा. दोन कपाटांच्या मागे वाळवीची नळी सापडली. ती भिंतीतून आलेली होती, त्यामुळे तिथली पुस्तकं लगेच वेगळी केली.

काकांनी डांबरगोळ्या ओंजळीने टाकलेल्या. कीड त्यांना विशेष भीक घालत नाही, वास मात्र वर्षानुवर्षं जात नाही. एका ठिकाणी नमुन्याला नेलेली पुस्तकं केवळ वासामुळे परत पाठवली.

किडीवर औषध मारलं नाही, गोठवलं. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडे जुना चेस्ट फ्रीझर पडून होता, महिन्याला १,५०० रुपये भाडं ठरलं. पुस्तक जाड पॉलिथीन पिशवीत, हवा दाबून काढून, तोंडाला टेप. उणे २० अंशांना दोन आठवडे. एवढे दिवस अशासाठी की जाड पुस्तकाच्या आतपर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो आणि अंडीही मरायला हवीत. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर बंदच ठेवायची. पहिल्या खेपेला मदतनीस मुलाने उत्साहात पिशव्या लगेच फोडल्या, दमट हवेतलं पाणी थंड पुठ्ठ्यांवर जमलं आणि चार पुठ्ठे वाकले. चामड्याची बांधणी फ्रीझरमध्ये घातली नाही.

बुरशी असेल तर ओलं फडकं लावायचं नाही. पुस्तक पंख्याखाली सावलीत सुकू द्यायचं, मग गॅलरीत, मास्क लावून, कोरड्या ब्रशने, शिवणीकडून बाहेर. उन्हात वाळत घालायचं नाही. जुना कागद आणखी ठिसूळ होतो.

१६ जून

आजचं काम सगळ्यात अवघड होतं: काय ठेवण्यासारखं आणि काय नाही. आमच्याकडे या सगळ्या विषयांतलं कोणीच जाणकार नाही, आणि एकेका विषयाचा माणूस शोधून आणायला वेळ नाही. म्हणून प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारला: यात नियम सांगितलेत, रीत शिकवली आहे, की कोणीतरी काहीतरी बघून, मोजून ठेवलंय?

नियमांची पुस्तकं सगळ्यात आधी मरतात. काँक्रीटचं मानक, आयएस ४५६, काकांकडे १९६४ आणि १९७८ अशा दोन आवृत्त्यांत आहे. १९७८ मध्ये मर्यादा-अवस्थेची (लिमिट स्टेट) नवी डिझाइन-पद्धत आली, मग २००० ची आवृत्ती आली. १९६४ प्रमाणे आज कोणी तुळई काढली तर तिला मंजुरी मिळणार नाही. त्यावर बेतलेली पाठ्यपुस्तकं, परीक्षेचे गाइड, फूट-पौंडातली कोष्टकं यांचीही तीच गत. कायद्याच्या जुन्या टीकाही इकडेच.

रीत शिकवणारी शिळी होत नाहीत, फक्त बाजूला पडतात. गणित, संख्याशास्त्र, व्याकरण. मीरची बरीचशी यात.

आणि मोजून ठेवलेलं कधीच टाकू नये असं माझं मत झालं. कुकच्या ग्रंथातली कित्येक शास्त्रीय नावं आता बदलली आहेत, पण अमुक झाड अमुक घाटात कोणाला सापडलं हे बदलत नाही. विहिरींच्या पातळ्या, कालव्यांचे विसर्ग, जमिनीच्या तपासण्या, जुने प्रकल्प अहवाल: दिसायला सगळ्यात गचाळ, टंकलिखित, स्टेपल गंजलेले. रद्दीवाल्याच्या हाती लागलं तर आधी हेच जाईल, कारण छापील पुठ्ठा नाही आणि पाठीवर नाव नाही.

मग कोयनेच्या फळीवर आयएस १८९३ निघालं, भूकंपरोधक बांधकामाचं मानक, १९६६ ची आवृत्ती. आमच्या प्रश्नाप्रमाणे नियमाचं पुस्तक, म्हणजे बाद. भाची म्हणाली, थांब, वर्ष बघ. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. त्यानंतर १९७० मध्ये देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशा बदलला. म्हणजे हातात असलेला नकाशा अभियंते कोयनेच्या आदल्या रात्री काय समजून झोपले होते त्याचा पुरावा आहे. काकांनी त्यावर निळ्या पेन्सिलीने एक गोल केलाय, बाजूला काही लिहिलेलं नाही. ते पुस्तक ठेवलं, आणि नियमाच्या ढिगाचं 'बाद' हे नाव बदलून 'बघून बाद' केलं. त्या ढिगातून आणखी थोडी वाचली.

२३ जून

संस्थांशी बोलणं. आधी चुकीचा मार्ग धरला गेला: फोन करून "दोन हजार पुस्तकं द्यायची आहेत" असं सांगितलं की समोरचा घाबरतो. जागा कोणाकडेच नाही. हे चाललं:

आधी त्या ग्रंथालयाची सूची ऑनलाइन असेल तर आपली यादी तिच्याशी ताडून बघा. त्यांच्याकडे नसलेलीच पुस्तकं वेगळ्या यादीत काढा. ती यादी, अवस्थेच्या रकान्यासह, ग्रंथपालांना मेल करा. शंभरच्या आत ठेवा. अटी घालू नका. काकांच्या नावाचं कपाट, संगमरवरी पाटी, सगळा संग्रह एकत्र, यातलं काही मागितलंत की बोलणं तिथेच थांबतं. आणि जे त्यांना नको ते त्यांनी पुढे द्यावं किंवा काढून टाकावं, हे लिहून द्या.

पुण्याची सोय ही की विषयागणिक एक दार आहे. प्राच्यविद्येला भांडारकर, भाषा आणि पुरातत्त्वाला डेक्कन कॉलेज, अर्थशास्त्राला गोखले संस्था, मराठ्यांच्या इतिहासाला भारत इतिहास संशोधक मंडळ, वनस्पतींना आघारकर, पाण्याला खडकवासल्याचं केंद्रीय संशोधन केंद्र, साखरेला मांजरीची वसंतदादा इन्स्टिट्यूट. अडचणही तीच: संस्कृताची नामांकित पुस्तकं या संस्थांकडे आधीपासून आहेत, काहींनी तर स्वतःच छापली आहेत. पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड भांडारकर संस्थेला नेऊन देणं म्हणजे त्यांचंच त्यांना देणं. ते खंड सोलापूरकडच्या एका नव्या पाठशाळेने आनंदाने घेतले. मोठ्या नावांच्या मागे न लागता लहान गावातलं कॉलेज शोधा, हे आम्हाला एका निवृत्त ग्रंथपालबाईंनी सांगितलं आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

३० जून

पालख्या पुण्यात. टेम्पो मिळणार नाही, रस्ते बंद. घरी बसून शिक्क्यांचा रकाना पाहिला.

१७ पुस्तकांवर ग्रंथालयांचे शिक्के आहेत आणि निर्लेखनाचा, म्हणजे संग्रहातून काढून टाकल्याचा, शिक्का नाही. म्हणजे काकांनी, किंवा ज्यांच्याकडून काकांनी आणली त्यांनी, परत केलेली नाहीत. काकू म्हणाल्या, "हे असं करणार नाहीत," आणि मग जरा वेळाने, "एखाद-दुसरं असेल."

एकेक परत करायला निघालो. बहुतेकांनी हसून घेतली. एका ठिकाणी ग्रंथपालांनी जुनी दाखल नोंदवही काढली, बोटाने ओळ शोधली आणि वही माझ्याकडे फिरवली: १९७४ साली लाल शाईने 'गहाळ', लेखापरीक्षकाची सही, किंमत अमुक कर्मचाऱ्याकडून वसूल. "हे पुस्तक आमच्याकडे नाही," ते म्हणाले. पुस्तक टेबलावर होतं. परत घ्यायचं तर वसुली कोणाला परत करणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. शेवटी देणगी म्हणून, नव्या क्रमांकाने घेतलं. असं करायचं असेल तर अर्ज घरूनच लिहून न्या, वेळ वाचेल.

७ जुलै

बाइंडर. सगळं बांधून घ्यायचं नाही, परवडणारही नाही. पानाचा कोपरा पुढे-मागे दुमडून बघायचा. दोन-तीनदा दुमडताच तुटला तर कागदच संपलाय, बांधणीवर पैसे घालू नका, फोटो काढून ठेवा. सत्तरीतल्या स्वस्त भारतीय पुनर्मुद्रणांची ही अवस्था आहे, १९०० च्या आसपासची पुस्तकं त्यापेक्षा बरी.

नारायण पेठेतल्या एका म्हाताऱ्या बाइंडरांकडे ३१ पुस्तकं दिली, सरासरी २२० रुपये. ते अजून मैद्याची खळ शिजवतात आणि त्यात मोरचूद घालतात, किडीसाठी. पाठ कापून गोंद लावायची सवय हल्ली सगळीकडे आहे. त्यांना आधीच सांगितलं, फर्मे (पानांचे दुमडलेले जुडगे) शिवूनच. काकांनी स्वतः सेलोटेप लावून दुरुस्त केलेली पानं त्यांनी बघितली आणि नुसतीच मान हलवली. टेप गळून गेलाय, पिवळा डाग कायमचा. फेव्हिकॉलने चिकटवलेलं तर सुटतच नाही.

एक मृदा यांत्रिकीचं पुस्तक त्यांनी उघडून परत दिलं. खालून चार बोटांवर तपकिरी रेघ, सगळ्या पानांतून आरपार एकाच उंचीवर, आणि मधली छायाचित्रांची चकचकीत पानं विटेसारखी घट्ट. आर्ट पेपर भिजून तसाच वाळला की पानं वेगळी होत नाहीत. शिवणीत अजून बारीक गाळ आहे, नखाने निघतो. आतल्या पानावर काकांच्या अक्षरात '१२ जुलै १९६१'. पानशेत धरण फुटलं, त्या पुराचं पाणी. अवस्थेच्या रकान्यात भाचीने लिहिलं: 'दुरुस्त करू नये.'

२१ जुलै

जुन्या पुस्तकांचे विक्रेते. अप्पा बळवंत चौकातल्या दोघांना आणि घरी येणाऱ्या एकाला यादी दाखवली. तिघांचीही बोटं त्याच ओळींवर थांबली: मीरची भौतिकी-गणितं, घड्याळदुरुस्ती, आणि नाणी. घड्याळाची फळी एका माणसाने मोजून रोख पैसे देऊन नेली. स्थापत्याची महागडी विलायती पुस्तकं, ज्यांना आम्ही जपत होतो, त्यांना भाव नाही.

मीरची विकली नाहीत. तालुक्याच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी यादी बघून दुसऱ्याच दिवशी गाडी पाठवली.

'बघून बाद' ढीग रद्दीत गेला, १४ रुपये किलोने. काकूंना आधी ढीग दाखवला. त्यांनी त्यातून एक लॉगॅरिदमची कोष्टकं उचलून बाजूला ठेवली, कारण विचारलं नाही.

२६ जुलै

परवापासून धो धो. काल खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडच्या सोसायट्यांत शिरलं. आमच्याकडे पूर नाही, पण पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचलं आणि आघारकरसाठी भरलेली खोकी तिथेच होती. खालची तीन भिजली. उद्या नेणार म्हणून आज खाली आणून ठेवायची नाहीत. गाडी दारात आल्यावरच उतरवायची.

भिजलेल्यांतली साध्या कागदाची उभी करून पंख्याखाली. आर्ट पेपरची पिशवीत घालून तडक फ्रीझरमध्ये, वाळायच्या आत. बर्फ झालं की चिकटायचं थांबतं आणि मग एकेक काढून सावकाश सुकवता येतं. बाइंडरांनी परत दिलेलं ते पुस्तक बघितलेलं होतं म्हणून हे सुचलं. एक सोडून सगळी वाचली.

११ ऑगस्ट

पुस्तकं जवळपास गेली. उरल्या काकांच्या वह्या, ज्या यादीत धरल्याच नव्हत्या. गच्चीवर त्यांचं पर्जन्यमापक होतं. १९६९ पासून रोजचा पाऊस, निळ्या कापडी पाठीच्या वह्यांत, शेवटची नोंद त्यांना गच्चीचा जिना चढवेनासा झाला त्या महिन्यातली. हवामानशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीला दाखवल्या, ती टाइप करून घ्यायला तयार आहे. तिने बसून नीट विचारलेले प्रश्न इथे लिहून ठेवतो, कारण असल्या वह्या आणखी घरांत असणार.

माप कुठे ठेवलं होतं? प्रमाण माप जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर असतं. गच्चीवर वारा जास्त, म्हणून थेंब उडून जातात आणि पाऊस कमी भरतो. तेव्हा हे आकडे सरकारी केंद्राशी जसेच्या तसे ताडता येणार नाहीत, पण स्वतःच्याच मागच्या वर्षांशी ताडता येतात. गच्चीचे फोटो, कठड्याची उंची, मापाची जागा, सगळं इमारत पाडायच्या आत नोंदवून घेतलं.

एकक कोणतं? पहिल्या दोन वह्या इंच आणि सेंटमध्ये, बहुधा माप जुनं विकत घेतलेलं. एक सेंट म्हणजे ०.२५४ मिलिमीटर. पुढे मिलिमीटर.

वाचन किती वाजता? काका खात्याच्या शिस्तीत सकाळी साडेआठला वाचत. म्हणजे २५ तारखेसमोरचा आकडा २४ च्या सकाळी साडेआठपासून २५ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. आधी टाइप केलेल्या एका वर्षात कोणीतरी 'सुधारणा' म्हणून सगळे आकडे एक दिवस मागे सरकवले होते. ते परत सरळ केले.

३१ ऑगस्ट

चावी दिली. हिशोब: खोकी २,३४०, फ्रीझर ४,५००, बांधणी ६,८२०, छोटा हत्ती आणि हमाली १३,२००, किरकोळ १,९००. विक्री आणि रद्दीतून आले ११,६००. बाकी काकूंनी दिले, आम्हाला देऊ दिले नाहीत. कायम अंदाजापेक्षा जास्त लागला तो वेळ, आणि तो जवळजवळ सगळा नोंदवहीत गेला. यादी नसती तर यातलं एकही दार उघडलं नसतं, तेव्हा त्यात काटकसर करू नका.

आमच्याकडे उरलंय: भिजलेलं पानशेतचं पुस्तक, १९६६ चा नकाशा, पंच कार्डांचं पाकीट आणि फळ्यांचे फोटो. फोटोंवरून नीरेची फळी यादीत पुन्हा जोडायचं काम भाचीने घेतलंय: पुस्तकं सहा ठिकाणी गेली तरी कोणतं कुठे आहे ते एका ओळीत दिसेल.

वह्यांचं टाइपिंग चालू आहे, १९८३ पर्यंत झालं. मदत करणाऱ्यांसाठी एवढंच: काकांनी पाऊस नसेल त्या दिवशी '०' लिहिलंय आणि गावाला गेले असतील तेव्हा आडवी रेघ मारली आहे. रेघेच्या जागी शून्य भरू नका, रकाना रिकामा सोडा.